दहावा माणूस

नऊ माणसं झाली होती आणि दहावं काही सापडत नव्हतं.

पनवेलच्या सिनेगॉगमध्ये शनिवारी सकाळी हा घोर ठरलेलाच. ज्यू लोकांत दहा पुरुष जमल्याशिवाय सामूहिक प्रार्थना पुरी होत नाही, हा हजारो वर्षांचा नियम. एकेकाळी म्हणे सणाला इथले बाक पुरायचे नाहीत. मग कोणी इस्रायलला गेलं, कोणी ठाण्याला, कोणी थेट देवाघरी, आणि आता दहा म्हणजे काठावर पास. एकाला जरी सर्दी झाली तरी सॉलोमन दारात उभे राहून रस्त्याकडे डोळे लावायचे, वऱ्हाडाची वाट बघणाऱ्या वधूपित्यासारखे.

“मी धरून दहा होतात की, पप्पा,” ताली म्हणाली.

“तू मोजणीत नाहीस.”

“माहितीये. म्हटलं, नियम बदलला असला तर बघावं.”

सॉलोमननी चष्म्यावरून पाहिलं. मुलगी सत्तावीस वर्षांची, जिभेला धार, आणि आई गेल्यापासून ती धार वडिलांशिवाय कोणावर परजायला नाही. ते रेल्वेतून निवृत्त झाले, म्हणाले आता मरायचं तर पनवेललाच, आणि ठाण्याचा संसार गुंडाळून बापलेक इथे आले त्याला जेमतेम महिना झाला होता. दोन वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

“रोझीचा एरियल आलेला नाही,” ते म्हणाले. “खाडीकडे बुधाजीचं जुनं मिठाचं गोदाम आहे, तिथे असेल. जा, घेऊन ये.”

“फोन करा ना त्याला.”

“आज शब्बाथ. फोन नाही.”

“आणि मी ओळखणार कसं?”

“उंच आहे. आणि काहीतरी बडवत असेल.”

झालं. नवे चंदेरी सँडल घालून ताली वीस मिनिटं चालत निघाली. बाजार मागे पडला, खाडीचा खारट वास आला, आणि गोदाम दिसायच्या कितीतरी आधी ऐकू आलं. ताली कान तपासणारी होती, ऑडिओलॉजिस्ट. बसस्टँडजवळच्या दवाखान्यात ती दिवसभर लोकांना बंद केबिनमध्ये बसवून विचारायची, ऐकू येतंय का. तिने लांबूनच अंदाज बांधला, शंभर डेसिबल, कमी नाही. आणि तेही पत्र्याच्या शेडमध्ये... या लोकांना कोणी सांगणारं नाही का?

आत तिघं होते. एक गिटार घेऊन गात होता, दुसरा बेस गिटार वाजवत होता, आणि मागे एक लांबलचक मुलगा डोळे मिटून ड्रम वाजवत होता. तालीने दारात उभं राहून हाका मारल्या. आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईना. मग तिने भिंतीवरचं बटण शोधलं आणि सरळ बंद केलं.

गिटार गेले, गाणं गेलं. ड्रमला मात्र वीज लागत नाही. तो मुलगा डोळे मिटून एकटाच वाजवत राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याबरोबर कोणीच नाही. त्याने डोळे उघडले. समोर चिखलाने माखलेले सँडल घातलेली एक चिडलेली मुलगी.

“कोण तुमी?” गाणाऱ्याने विचारलं.

“तुमच्यातला दहावा माणूस कोण आहे?”

तिघांपैकी उंच होता त्याने शाळेतल्यासारखी काठी वर केली. “किती झालेत?”

“नऊ.”

“अरे देवा. तुम्ही सॉलोमन अंकलची—”

“मुलगी. चला.” तिने पर्समधून मऊ फोमचे दोन बोळे काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. “आणि हे पुढच्या वेळी कानात घाला. असंच बडवत राहिलात तर चाळिशीत सासूचं बोलणं ऐकू यायचं नाही.”

“मग यात तोटा काय?”

ताली हसणार नव्हती. ती हसली.

परत येताना त्याने शर्टाची बटणं चालता चालता लावली. काठ्या मागच्या खिशात होत्या, पण बोटं स्वस्थ नव्हती. विजेचा खांब आला की खांबावर, गेट आलं की गेटवर, टक् टक्. “सवय आहे,” तो म्हणाला. “तुम्हाला त्रास होतो का?”

“मला आवाजाचाच त्रास होतो. माझा धंदाच आहे तो.”

“मग आपलं कसं जमणार...” तो बोलून गेला आणि त्याने पुढचा खांब जरा जोरातच वाजवला. तालीने मात्र चाल थोडी कमी केली, आत नऊ माणसं ताटकळत असतानाही.

आता ‘मिठागर’बद्दल सांगायला हवं. बँडचं हे नाव प्रणितचं. त्याच्या आजोबांची, म्हणजे बुधाजींची, हयात मिठागरात गेली. नंतर जमिनी गेल्या, मीठ गेलं, आणि गोदाम तेवढं उरलं. त्या गोदामात प्रणित गाणी लिहायचा आणि गायचा, निकेश बेस वाजवायचा आणि एरियल ड्रम. कॉलेजात असताना त्यांनी उरण-पनवेल हलवून सोडलं होतं. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के मोबदल्यावरचं त्यांचं ‘साडेबारा’ हे गाणं तेव्हा गावागावातल्या पोरांना पाठ होतं.

ताली आली ती नेमकी उतरतीच्या वेळी. निकेश द्रोणागिरीच्या एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर झाला होता आणि त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. एरियल कामोठे-खारघरच्या टॉवरांमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा; कोणी अडकलं की गाणं अर्ध्यावर सोडून पळायचा. आणि प्रणित हळदीत गायला लागला होता. आगरी लग्नात हळद म्हणजे काय असते हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. प्रणित माईक घेऊन उभा राहिला की आज्यासुद्धा उठून नाचायच्या. निकेशला ते मुळीच खपायचं नाही. तो म्हणायचा, रॉक गाणारा माणूस हळदीत लाजत नाही म्हणजे काय. प्रणित म्हणायचा, “तुज्या रॉकला बारा माणसं येतात रं, त्यातली चार आपल्या घरची.”

तालीला या भांडणाशी घेणंदेणं नव्हतं. निदान रोश हशानापर्यंत तरी नव्हतं.

रोश हशाना म्हणजे त्यांचं नवं वर्ष. त्या दिवशी एरियलच्या आईने, रोझी आंटीने, गव्हाच्या चिकाचा हलवा केला होता, नारळाच्या दुधातला, लालसर. सण उतरल्यावर रात्री ताली आणि सॉलोमन जेवायला गेले होते. जेवण चालू असताना अश्दोदहून एरियलच्या थोरल्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. तो नेहमीचंच म्हणाला, इकडे ये, लिफ्टचंच काम आहे, जागा धरून ठेवलीय, मम्मीलाही आण. आणि एरियल नेहमीचंच म्हणाला.

“बँड आहे तोवर नाही, दादा.”

“ऐकलंस?” रोझी आंटी तालीच्या ताटात हलव्याची वडी वाढत म्हणाली. “चार वर्षं हेच. मी म्हणते, तो बँड मोडला की माझं पोरगं मार्गाला लागेल.”

तालीच्या हातातली वडी हातातच राहिली. बँड आहे तोवर नाही. म्हणजे बँड नसेल तेव्हा... तिने हिशोब केला आणि तो तिला अजिबात आवडला नाही. आपल्याला तो का आवडला नाही, याचं उत्तरही तिला त्याच घासाला मिळालं. ती एरियलवर भाळली होती. चांगली, गळ्यापर्यंत.

आणि मग जी मुलगी मिक्सर लागला तरी कानावर हात ठेवायची, ती एका रॉक बँडची राखण करायला लागली.

तिने दवाखान्याच्या कागदावर वेळापत्रक आखलं. निकेशच्या शिफ्ट निळ्या, प्रणितच्या हळदी पिवळ्या, शब्बाथ लाल. आणि मधे जी पांढरी भोकं उरतील त्यात सराव. निकेश रुसला की ती त्याला चहाला न्यायची. प्रणित रुसला की त्याची आई हौसाकाकींकडे जाऊन सुक्या बोंबलाची चटणी खात बसायची, मग तो आपोआप बाहेर यायचा आणि म्हणायचा, “डाक्टरीनबाय, तुमी सांगता म्हनून येतो हां.” एरियल हे सगळं बघायचा आणि मान हलवायचा.

“तुला आमचं एक तरी गाणं आवडतं का?” त्याने एकदा विचारलं. तोवर दोघं तू-तू वर आले होते.

“शेवट आवडतो. तेव्हा शांत होतं.”

“मग एवढा आटापिटा कशासाठी?”

“समाजसेवा,” ताली म्हणाली आणि घाईघाईने पर्समध्ये नसलेलं काहीतरी शोधायला लागली.

त्याच्या कानांचे साचे तिने स्वतः घेतले, मापाचे इअरप्लग बनवायला. कानात गुलाबी लगदा भरायचा आणि घट्ट होईपर्यंत पाच मिनिटं बसायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, जबडा हलता कामा नये. पाच मिनिटं तो तिच्यासमोर स्टुलावर बसला, दोन्ही कान बंद, आणि तिच्याकडे बघत राहिला. तालीने घड्याळाकडे बघितलं. कॅलेंडरकडे बघितलं. कानाच्या रचनेचा तक्ता बघितला, जो तिला कॉलेजपासून तोंडपाठ होता. शेवटी तिने त्याच्याकडे बघितलं, आणि एरियल हसला, आणि डावा साचा फुकट गेला.

“परत पाच मिनिटं,” ती म्हणाली.

“चालेल,” तो म्हणाला.

पण कान तपासून घे म्हटलं की मात्र हा गडी पळायचा. आज लिफ्ट आहे, उद्या आईला बाजारात न्यायचंय. एकदा तिने फारच धरलं तेव्हा म्हणाला, “वाईट निघालं तर, ताली? एकदा कळलं की कळलंच ना.” तालीने त्याला त्यानंतर फार धरलं नाही. न विचारलेला एक प्रश्न तीही पर्समध्ये घेऊन फिरतच होती की.

असं करत वेळापत्रकाचे वीस-बावीस कागद झाले आणि गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आला. परतीचा पाऊस गोदामाच्या पत्र्यावर नुसता कोसळत होता. सराव चारचा, प्रणित सहाला आला, कपाळावर हळदीचा पिवळा हात तसाच.

“आलास? बरं झालं. आम्ही काय, बसलोच होतो,” निकेश म्हणाला.

“गावातलं लगीन हाय, काढीव मुहूर्ताचं, नाय म्हनू काय?”

“मग तिकडेच गा ना. इथे कशाला येतोस?”

ताली सवयीने पुढे झाली. तोंडात ठरलेली वाक्यं होती, दोघांना चहा, दोघांचं थोडं थोडं चुकलंय... आणि तेवढ्यात तिला तिघं नीट दिसले. निकेश रात्रपाळी करून आला होता आणि भांडतानाही त्याचे डोळे मिटत होते; बेस त्याने उशीसारखा पोटाशी धरला होता. प्रणित अजून हळदीतलीच चाल पुटपुटत होता, नकळत, आणि त्या चालीत तो जितका खूश होता तितका या गोदामात तिने त्याला कधी पाहिला नव्हता. आणि एरियल दोघांकडेही न बघता एकाच ड्रमवर हलकेच बोट आपटत होता. कोणाचंच मन इथे नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून येत होता.

आणि मी यांना इथे बांधून ठेवलंय, तालीला वाटलं. वेळापत्रकं लावून. स्वतःसाठी.

पुढचं वाक्य बोललं की काय होणार हे तिच्याइतकं त्या गोदामात कोणालाच माहीत नव्हतं. पावसात ओरडून बोलावं लागलं, तेही एक बरंच झालं, आवाज कापत होता ते कळलं नाही.

“बंद करा.”

“काय?” प्रणित म्हणाला.

“बँड. बंद करा. तुम्ही तिघंही, आधी कोण बोलतो याची वाट बघताय. मी बोलते. गुपचूप नाही, रुसून नाही. एक शेवटचा कार्यक्रम करा, असा की गाव बोलेल, आणि मग आपापल्या कामाला लागा.”

मग प्रणित खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं, आणि हळद सगळ्या गालांवर पसरली. “बापूस बी सांगतोय, गोदाम पाडून बिल्डिंग बांधायची,” तो म्हणाला. “दोन म्हयने झाले. तुमाला सांगायला जीब उचलत नव्हती.”

“मला पर्मनंट डे शिफ्ट देतायत,” निकेश म्हणाला. “पण रविवारी ड्यूटी आहे. मी अजून हो म्हटलं नव्हतं.” आणि हा जो एवढा भांडकुदळ निकेश, त्याने उठून प्रणितला मिठी मारली, बेससकट.

एरियल मात्र तिच्याकडे बघत होता. तो दारापाशी आला. “तू काय बोललीस ते तुला कळलंय ना?”

“कळलंय.”

“नक्की?”

“मला आवाजाचा त्रास होतो, माहितीये ना तुला,” ताली म्हणाली, आणि छत्री न उघडताच घराकडे निघाली.

शेवटच्या कार्यक्रमाला दिवस मिळाला फेब्रुवारीतला शनिवार, कारण निकेशला रजा तेव्हाच होती आणि सोमवारी गोदाम पडायचं होतं. आता शनिवार म्हणजे शब्बाथ, आणि शब्बाथ संपतो आकाशात तीन तारे दिसले की. तोवर एरियलने काठी उचलायची नाही. इतकी वर्षं त्याने अधूनमधून उचलली होती ती गोष्ट वेगळी. पण शेवटच्या दिवशी नियम मोडायचा नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि तारे मोजायला साक्षात सॉलोमन आले होते.

“कॅलेंडरात वेळ छापलेली असते, पप्पा,” तालीने सांगून पाहिलं.

“कॅलेंडर छापणारा पनवेलला राहतो का?”

गोदामासमोर तोबा गर्दी. प्रणितचे वडील बळीराम यांनी खुर्च्या मांडल्या होत्या, हौसाकाकींच्या तांदळाच्या भाकऱ्या एका बाजूला चालू होत्या. हळदीतली सगळी मंडळी आली होती, जुनी कॉलेजची पोरं आता बायकामुलांसकट आली होती, रोझी आंटी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. तिघं वाद्यं घेऊन तयार. आणि सगळं गाव मान वर करून आकाशाकडे बघत होतं.

“सालोमनशेट, झालं का?” बळीराम.

“एक,” सॉलोमन म्हणाले. पाच मिनिटांनी म्हणाले, “दोन.”

उलव्याकडून बांधकामाची धूळ, त्यात विमानतळाचा उजेड. तिसरा काही सापडेना. पोरं कुजबुजायला लागली. ताली कडेला उभी राहून एरियलकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, नको सापडूस. आजच्या दिवस नकोच सापडूस. हे सुरू झालं नाही तर संपणारही नाही.

“तीन!” सॉलोमननी बोट वर केलं. खाडीच्या अंगाला चांगला ठसठशीत, न हलणारा तारा.

एरियलने काठ्या उंच धरल्या. “एक, दोन, तीन—”

आणि तारा हलला. तो मोठा झाला, त्याच्या एका अंगाला लाल दिवा लुकलुकला, दुसऱ्याला हिरवा, आणि चाकं काढून तो सगळ्यांच्या डोक्यावरून घरघरत विमानतळाकडे उतरला.

“थांब,” सॉलोमन म्हणाले. “तो नव्हे.”

नवं विमानतळ सुरू होऊन दोनच महिने झाले होते. सॉलोमनना अजून सवय नव्हती. पण असं हसू त्या खाडीने पूर्वी कधी ऐकलं नसेल. बळीराम खुर्चीचा दांडा धरून हसले, रोझी आंटीने पदराने डोळे पुसले, आणि ज्या प्रणित आणि निकेशचं दोन वर्षांत एकदाही धड पटलं नव्हतं ते एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून खदखदत होते. एरियल तालीकडे बघून हसला. तेव्हा तिला वाटलं, नाही, हे व्हायला हवं. त्याचं गाणं त्याला मिळायला हवं, मग पुढचं माझं मी बघेन.

तिने मान वर केली, डोळे बारीक केले आणि शोधला. गोदामाच्या आढ्यावर, अगदी बारीक. “तो बघा, पप्पा. तिसरा.”

सॉलोमननी बराच वेळ वाट पाहिली. तो हलला नाही. “हां,” ते म्हणाले. “हा खरा. चला, वाजवा.”

काय वाजवलं म्हणता. प्रणितने ‘साडेबारा’ गायलं तेव्हा सगळ्या गावाने म्हटलं. मग त्याने निकेशकडे बघितलं, आणि निकेशनेच हळदीची चाल धरली, बेसवर, ठेका लावून. आज्या उठल्या. तालीने कानात काही घातलं नव्हतं. तिच्या छातीत ड्रम वाजत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते दोन्ही तिने होऊ दिलं. नऊ वाजता एरियलने शेवटचा ठोका मारला, झांज हाताने धरून थांबवली, आणि ‘मिठागर’ संपला.

भाकऱ्या खाऊन लोक पांगत होते तेव्हा तो तिच्याजवळ आला. “सोमवारी दवाखान्यात येतो. कान तपासायला.”

“आत्ता कसा तयार झालास?”

“आता बँड नाही ना,” तो म्हणाला.

तालीने मान डोलावली. परदेशात कामाला जायचं तर मेडिकल रिपोर्ट लागतात, हे तिला माहीत होतं. ती घरी गेली, आणि रविवारभर तिने घरातलं एकूण एक कपाट आवरलं.

सोमवारी तो आला. ती त्याच्याशी डॉक्टरसारखी वागली. केबिनमध्ये बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. “आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी.” जाड दार लावून ती बाहेर मशीनपाशी बसली. मधे काच. त्याने बटण दाबलं की तिच्या मशीनवर छोटा दिवा लागायचा.

उजवा कान ठणठणीत निघाला. डाव्यात चार हजार हर्ट्झच्या पट्टीला ती आवाज वाढवत गेली, वाढवत गेली, तरी दिवा लागेना. डाव्या हाताशी झांज असते, इतक्या वर्षांचा मार. तिला वाईट वाटलं. आणि मग तिच्या मनात एक भित्रा विचार आला. डावा कान बिघडलाय. डाव्यात अगदी हळू बोललं तर त्याला ऐकू जाणार नाही. पण आपलं बोलून होईल. नाहीतर हे पोटात घेऊन आपण म्हाताऱ्या होऊ.

तिने माईक सुरू केला. आवाज अगदी खाली आणला. चेहरा कागदाकडे वळवला, ओठ दिसू नयेत म्हणून.

“जाऊ नकोस,” ती म्हणाली.

दिवा लागला.

तालीने आधी मशीनकडे बघितलं, बिघडलं की काय. आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कान गेला होता तो चार हजारच्या पट्टीत, शिट्टीसारख्या बारीक आवाजाचा. तिचा आवाज खालचा, भरड. तो त्याला छान ऐकू येणार होता, हे पनवेलमधल्या बाकी कोणाला नाही तरी तिला माहीत असायला हवं होतं. शिकली होती ती यासाठीच. दिवा जळतच होता. काचेपलीकडे एरियलने बटण दाबून धरलं होतं आणि सोडत नव्हता.

ती उठली, दार उघडलं. “झाली टेस्ट. सोड ते.”

“परत म्हण आधी.”

“टेस्ट एकदाच असते.”

“साचा दोनदा घेतला होतास.”

तालीने नखाने हेडफोनची वायर कुरतडायला सुरुवात केली. “तुझं... तिकीट कधीचं आहे?”

“कसलं तिकीट? दादाला मी दिवाळीतच नाही म्हणून सांगितलं. त्या पावसानंतर. आईने आठ दिवस अबोला धरला होता.”

“पण तू तर म्हणायचास, बँड आहे तोवर—”

“आधी ते खरंच होतं. तू आल्यावर काय सांगणार होतो? सॉलोमन अंकलची मुलगी अजून काही बोलत नाही, म्हणून थांबलोय? बँड सांगायला सोपा होता.” तो आता उभा राहिला होता, आणि केबिन एका माणसापुरतीच होती. “आणि तू उठून बँडच मोडून टाकलास. मी म्हटलं, ही मला घालवायलाच बसलीय.”

“मला वाटलं, तुला अडवायचा मला काय हक्क.”

“हक्क,” एरियल म्हणाला, आणि त्याची बोटं सवयीने तिच्या मनगटावर हलकेच वाजली, टक् टक्. मग थांबली, आणि तिथेच राहिली. “माझं प्रेम आहे तुझ्यावर, ताली. तू वीज घालवलीस ना, तेव्हापासून.”

“वीज घालवली तरी तू वाजवतच होतास.”

“तेच सांगतोय.”

बाहेर पुढचा पेशंट खोकला. तालीने घाईने रिपोर्ट ओढला आणि डोळे पुसत, हसत लिहायला घेतलं.

“काय लिहितेस?”

“डावा कान कमजोर. पेशंटशी उजव्या बाजूने बोलावं.”

“किती दिवस?”

“कायम,” ती म्हणाली आणि खाली सही केली.

शनिवारी सकाळी सिनेगॉगच्या दारात सॉलोमन उभे होते. नऊ झाले होते. रस्त्याच्या वळणावरून दहावा येताना दिसला, शर्टाची बटणं आज घरूनच लावलेली. त्याच्या उजव्या अंगाला त्यांची मुलगी चालत होती. खांब आला तरी त्याचा हात खांबाकडे गेला नाही, कारण तो रिकामा नव्हता. दोघांनी वळणावर हात सोडले, पण जरा उशिराच. रोझीने त्यांना मंगळवारीच सगळं सांगितलं होतं, तरी सॉलोमननी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

“दहा,” ते एरियलला म्हणाले. “चल आत.”

ताली पायरी चढून त्यांच्याजवळून पुढे गेली. सॉलोमननी दार ओढून घेतलं, आणि दाराच्या कुरकुरीत, अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाले, “अकरा.”

दुसऱ्या कोणालाही ते ऐकू गेलं नसतं. पण तालीचा धंदाच तो होता.